उपाशीपोटीची शुगर ११८, तीन महिन्यांची ८.४. एवढा फरक कसा पडतो?

बेदाणाशेड_तासगाव
३ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यातून लिहितोय. वय ४९. साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, त्यातली दोन एकर माणिकचमन जातीची, ती सगळी बेदाण्याला जाते. शुगर निघून चार वर्षं झाली. सकाळी आणि रात्री एकेक गोळी आहे, तिच्यात ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० असं दोन्ही एकत्र. बीपीची टेल्मिसार्टन ४० वेगळी.

गेली दोन वर्षं दर महिन्याला तालुक्याला जाऊन सकाळी उपाशीपोटी रक्त देतो. आकडा ११० ते १२५ च्या मध्येच असतो. घरात सगळे निर्धास्त, मीही निर्धास्त. गेल्या आठवड्यात मेहुण्याला घेऊन सांगलीला दवाखान्यात गेलो होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, महिन्याचं रक्त द्याल तेव्हा तुमची तीन महिन्यांची पण करून घ्या. दोनच दिवसांनी रक्त दिलं, ती तीन महिन्यांची, म्हणजे एचबीएवनसी, आली ८.४ टक्के. त्याच रक्तात उपाशीपोटीची ११८. मला वाटलं रिपोर्टची अदलाबदल झाली. दुसऱ्या लॅबमध्ये परत रक्त दिलं, ८.३.

बाकीचे आकडेही देतो. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, बीपी १४२/९०. सोनोग्राफीत लिव्हरला थोडी चरबी निघाली. दारू नाही, तंबाखू सहा वर्षांपूर्वी सोडली. उंची साडेपाच फूट, वजन ६६. हातपाय बारीकच आहेत, पोट तेवढं सुटलंय. टेपनं मोजलं तर बेंबीवर ९६ सेंटीमीटर भरलं.

खाणं सांगतो. सकाळी सहाला गुळाचा चहा, दहाला न्याहारीला दोन भाकरी आणि भाजी, दीडला दोन भाकरी, आमटी, थोडा भात, पाचला चहा आणि भडंग, रात्री साडेआठला आमटी-भात. साखर घरात माझ्यासाठी बंदच आहे. मिठाईला हात लावत नाही.

मग ही ८.४ आली कुठून? वडील ६१ व्या वर्षी हार्टनं गेले, म्हणून जिवाला घोर लागलाय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

विट्याचा_गडी
३ मार्च, रात्री १०.१५

दादा, काळजी करू नका. भाकरी आणि गूळ दोन्ही आपल्या मातीतलं आहे, त्यानं शुगर वाढत नाही. भात बंद करा, बाकी काय नाही. आमच्या चुलत्यांनी भात सोडला आणि फरक पडला.

मिरजेची_लॅबताई
४ मार्च, सकाळी ७.०५

मी मिरजेत लॅबमध्ये १४ वर्षं काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्यांबद्दल काही सांगणार नाही. पण रक्त रोज हातात असतं आणि माहेर कवठेमहांकाळचं आहे, वडिलांची बाग होती, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते.

बाग बेदाण्याला धरायची का नाही हे ठरवताना तुम्ही एकाच मण्याची ब्रिक्स, म्हणजे गोडी, बघून निर्णय घेता का? या ओळीतला एक घड, त्या ओळीतला एक, उन्हाकडचा, सावलीतला, असे मणी घेता आणि मग म्हणता २२ आली. उपाशीपोटीची शुगर म्हणजे तो एक मणी आहे. आठ-दहा तास पोटात काही नाही, अशा वेळचा. एचबीएवनसी म्हणजे अख्खी बाग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्या चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ८.४ म्हणजे सरासरी १९४ च्या आसपास. सकाळी ११८ असताना सरासरी १९४ येते, याचा अर्थ दिवसात कधीतरी ती बरीच वर जात असणार. ती वेळ तुम्ही आजवर मोजलेलीच नाही.

आता माझे प्रश्न. हिमोग्लोबिन किती? लोह कमी असलं तर एचबीएवनसी खोटी वर दिसू शकते, म्हणून विचारते. जेवणानंतर दोन तासांची शेवटची कधी केली? आणि रागावू नका, पण रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस तुम्ही वेगळं जेवता का? आमच्याकडं येणाऱ्या दहातले निम्मे तरी हळूच सांगतात, "ताई, परवापासून भात बंद केलाय, बघा कमी आली का."

विट्याच्या दादा, गुळाबद्दल तुमचं म्हणणं मला पटत नाही. गुळातला बहुतेक भाग साखरच असतो. लोह आणि खनिजं असतात, पण एका चहात गुळाचा खडा किती पडणार आणि त्यातून ती किती मिळणार. रक्ताला तो गूळ का साखर हे कळत नाही.

बेदाणाशेड_तासगाव
४ मार्च, दुपारी २.२०

ताई, हिमोग्लोबिन १४.२. जेवणानंतरची शेवटची चार वर्षांपूर्वी, निदान झालं तेव्हा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं सांगतो. हो. रक्त द्यायच्या आदल्या दोन रात्री भात खात नाही, लवकर जेवतो, चहा बिनगुळाचा घेतो. डॉक्टर ओरडू नयेत म्हणून. त्यात आपण स्वतःला फसवतोय असं कधी मनात आलं नव्हतं.

आणि एक गोष्ट कालच्या लिहिण्यात राहिली, कारण ती खाण्यात मोजायची असते हेच डोक्यात नव्हतं. फेब्रुवारीपासून शेड चालू आहे. रॅकवरचा माल वाळला का हे बघायला दाणा दाबून बघतो आणि तोंडात टाकतो. मग निवडायच्या जागी, मग नेटिंगला, मग व्यापारी आला की त्याच्याबरोबर. दिवसभरात किती होत असतील कुणास ठाऊक.

मिरजेची_लॅबताई
४ मार्च, रात्री ८.५०

दादा, ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे की साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून गेलं, साखर सगळी आत राहिली. १०० ग्रॅम बेदाण्यात ६० ग्रॅमच्या वर साखर असते. दिवसभरात दोन मुठी गेल्या, म्हणजे ६० ग्रॅम धरा, तर आठएक चमचे साखर झाली. आणि ती एकदम जात नाही, दर तासाला थोडी थोडी जाते, म्हणजे शुगरला खाली यायला उसंतच मिळत नाही.

भाकरीचं पण सांगते. ज्वारी चांगलीच, मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा बरी. पण वहिनींना सांगून एकदा एका भाकरीचं पीठ काट्यावर तोला. आपल्याकडच्या थोराड भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज जातं, त्यात ५०-५५ ग्रॅम पिष्ट पदार्थ. दोन भाकरी म्हणजे शंभराच्या वर. मळ्यात बैलामागं चालणाऱ्या माणसाला ते पचत होतं. तुमची फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं होते ना?

तुमचे बाकीचे आकडे मला शुगरपेक्षा जास्त खटकले. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी आणि उपाशीपोटीची शुगर, या पाचांतले तीन जरी हद्दीबाहेर असले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्या भागातल्या पुरुषाला कंबर ९० च्या आत हवी, बाईला ८० च्या आत. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, पुरुषाचं एचडीएल ४० च्या वर, बीपी १३०/८५ च्या आत, उपाशीपोटीची १०० च्या आत. तुमचे पाचही बाहेर आहेत. हे पाच वेगवेगळे आजार नाहीत. पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्शुलिनचं ऐकलं जात नाही, लिव्हर जादा साखरेची चरबी करून रक्तात सोडतं, तेच ट्रायग्लिसराइड. १९८८ साली अमेरिकेतले डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी यातल्या बहुतेक गोष्टींची एकत्र मोट बांधून दाखवली.

"अंगानं बारीक आहे" यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा सारखा, आतला माल वेगळा. आपल्या लोकांचं असंच आहे.

आता एवढं करा. ग्लुकोमीटर घ्या. रोज सात वेळा बोटं टोचायची गरज नाही. एक दिवस सकाळी उपाशीपोटी आणि न्याहारीच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दुपारी चारला, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी. असं फिरवत राहा. शेजारी काय खाल्लं ते लिहा. आठवडाभर खाण्यात काहीही बदलू नका, खरं चित्र येऊ दे. ती वही घेऊन डॉक्टरांकडं जा.

सातारचे_गुरुजी
५ मार्च, सकाळी ६.३०

ताईंनी फार नीट समजावलं आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१, मधुमेहाला १९ वर्षं झाली. मला यात एका धोक्याची सूचना द्यायची आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

बेदाणेवाले दादा, तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात का नाही हे ते बघत नाही. आकडा बघून घाबरून तुम्ही उद्यापासून एकदम भाकरी निम्मी कराल, भात बंद कराल, आणि गोळी तीच राहील. मग शुगर खाली आपटते. माझ्या बाबतीत हे घडलं आहे.

त्या दिवशी संकष्टी होती. सकाळी सवयीनं गोळी घेतली आणि नेहमीप्रमाणे गोडोलीतून निघून अजिंक्यताऱ्यावर चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर घाम सुटला, सदरा ओला झाला, हात थरथरायला लागले, बरोबरचे मित्र काय बोलताहेत ते समजेना. एकाच्या पिशवीत पाहुण्यांना न्यायचे कंदी पेढे होते. दोन पेढे खाल्ले. उपासाचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. वाटलं, गोड आहे, आता बरं वाटेल. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थरथर थांबेना. मित्राचं घर पायथ्याशी होतं, दोघांनी धरून तिथं नेलं, मशीनवर ५६ आली. त्याच्या सुनेनं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८८. नंतर डॉक्टरांनी कारण सांगितलं. पेढ्यात खवा, म्हणजे स्निग्धांश, त्यामुळं साखर रक्तात सावकाश उतरते. अशा वेळी साधं साखरपाणी किंवा ग्लुकोज पावडर लागते.

तेव्हापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असते. ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, आणि मग काहीतरी जेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. हे घरच्यांना आणि शेडवरच्या कामगारांनाही सांगून ठेवा. उन्हात घाम आला असं समजून कुणी तुम्हाला नुसतं सावलीत बसवून ठेवायला नको.

म्हणून खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांना भेटा, गोळीचं त्यांना ठरवू द्या. माझ्या वयात त्यांनी मला एचबीएवनसी साडेसातपर्यंत चालेल असं सांगितलं आहे, कारण शुगर खाली जाण्याचा धोका मोठा. तुमचं वय कमी आहे, तुमच्यासाठी कदाचित सातच्या आत म्हणतील. दुसऱ्याचा आकडा स्वतःला लावू नका.

आणि एक साधी गोष्ट जी माझ्या वहीत स्पष्ट दिसते. जेवून लगेच बसलो तर दोन तासांनी १९०, जेवून पंधरा मिनिटं अंगणात फिरलो तर १५५-१६०. चालताना पायांचे स्नायू इन्शुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतात. आणि ताटात आधी कोशिंबीर, मग उसळ, भाकरी शेवटी. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर जरूर आणा, त्याच्या उसळीनं पोट भरतं आणि शुगर हळू चढते.

कोयनाकाठ_कराड
५ मार्च, रात्री ११.१०

गुरुजी, ताई, नमस्कार. मी फारसं लिहीत नाही, पण दादांनी वडिलांचं लिहिलं म्हणून राहवेना.

आमचं गुऱ्हाळ होतं. आप्पांना, म्हणजे वडिलांना, शुगर होती, गोळ्या चालू होत्या. तीन वर्षांपूर्वी बाजारात एकानं पुडी दिली, मुळापासून शुगर जाते म्हणून. आप्पांनी गोळ्या सोडल्या. आम्ही कुणीच विचारलं नाही, पुडी घेतात म्हणजे औषध चालू आहे असं समजलो. त्या हंगामात चुलवाणाजवळ निखाऱ्यावर पाय पडला, चप्पल नव्हती. आप्पांना कळलंच नाही. वास आला म्हणून गड्यानं खाली बघितलं. तळव्याची जखम आठ दिवस हळद लावून बांधली, तोवर आत पू झाला. मिरजेला नेलं तेव्हा शुगर ४१० होती. दोन बोटं काढावी लागली.

आज ते चालतात, इन्शुलिन घेतात, ठीक आहेत. पण पायाची जाण गेली होती हे त्याआधी कुणी तपासलंच नव्हतं. दादा, तुम्ही डॉक्टरांकडं जाल तेव्हा तळपाय तपासायला सांगा. डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करा, नजर चांगली असली तरी. लघवीतलं अल्ब्युमिन बघा, किडनीला धोका आहे का ते आधी तिथं कळतं. आणि शेडमध्ये, बागेत अनवाणी फिरू नका. रोज रात्री पाय धुऊन तळवा बघा, स्वतःला दिसत नसला तर वहिनींना बघायला सांगा.

विट्याचा_गडी
६ मार्च, सकाळी ८.००

ताई, गुळाचं मी चुकीचं सांगितलं, माफ करा. चुलत्यांना पण आज फोन करून सांगितलं. ते रोज काकवी-भाकरी खातात.

बेदाणाशेड_तासगाव
१७ मार्च, रात्री ९.१५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माल निघायची घाई होती.

मशीन घेतलं. पहिला आठवडा ताईंनी सांगितल्याप्रमाणं काहीच बदललं नाही. उपाशीपोटीची, आदल्या रात्री नेहमीसारखं जेवून, १३९ आणि १४४. म्हणजे माझी ११८ ही माझी नव्हतीच, ती दोन दिवसांच्या पथ्याची होती. न्याहारीनंतर दोन तासांनी २३६. रात्री जेवणानंतर २१२.

शेडमधलं पहिलं मोजमाप चारला केलं, ३१८ आली. पाय गळाले. मुलगी कॉलेजातून आली होती, ती म्हणाली पप्पा, हात धुतले का? दिवसभर बेदाणा हाताळलेला, बोटं चिकट. नळाखाली साबणानं धुऊन, पुसून, परत टोचलं तर २५१. बोटावरची साखरच मशीननं मोजली होती. शेतकरी बांधवांनो, हे लक्षात ठेवा, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं भागत नाही. २५१ काही कमी नाही, पण ती खरी तरी होती.

वही घेऊन सांगलीला गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास वही बघितली. म्हणाले, चार वर्षांत पहिल्यांदा तुमचा आजार दिसतोय. मी दोन भाकरींची एक करणार हे सांगितल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड फक्त रात्रीच्या गोळीतून काढलं, सकाळची तशीच ठेवली आणि मेटफॉर्मिनचा डोस वाढवला. तळपायाला काटा टोचून बघितला, जाण आहे. लघवी तपासली, अल्ब्युमिन नाही. डोळ्याचं पुढच्या मंगळवारी आहे. खिशात साखरेची पुडी आहे, शेडवरच्या दोघींना दाखवून ठेवली आहे.

दुसऱ्या आठवड्यातलं. घरच्या मंडळींनी पीठ तोललं, एका भाकरीला ८२ ग्रॅम निघालं. आता ५०-५५ ग्रॅमची करतात, न्याहारीला एक, सोबत मटकीची उसळ आणि कांदा-काकडी. खाऊन बागेच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन येतो, वीस मिनिटं लागतात. दोन तासांनी १७४. दुसऱ्या दिवशी १६८. शेडमध्ये चारला १५२. मला तो आकडा बघून रडू आलं, खरं सांगतो.

भडंग बंद केलं नाही, मूठभर घेतो, त्यात शेंगदाणे जास्त आणि मुरमुरे कमी. बिनगुळाचा चहा अजून तोंडाला लागत नाही, पण घेतोय.

ताई, एकच विचारायचं आहे. परत एचबीएवनसी कधी करू? मला पुढच्या महिन्यातच करावीशी वाटते.

मिरजेची_लॅबताई
१८ मार्च, सकाळी ६.५५

दादा, वाचून फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यात करू नका. त्यात जानेवारी-फेब्रुवारीची साखर अजून मिसळलेली असेल, आकडा अर्धवट उतरलेला दिसेल आणि तुम्ही खट्टू व्हाल. खरड छाटणी उरकू दे, जूनच्या पहिल्या आठवड्यात या. सोबत ट्रायग्लिसराइड करा, त्याला रात्रभर उपाशी राहून या, पण आदल्या दोन दिवसांत जेवण मात्र नेहमीचंच ठेवा. कंबर घरी टेपनं दर महिन्याच्या एक तारखेला मोजा, ती वजनाच्या आधी उतरू शकते.

माल वाळला का हे कसं बघताय आता?

बेदाणाशेड_तासगाव
१८ मार्च, रात्री ८.३०

पुतण्या बघतो ताई, २२ वर्षांचा आहे. तो दाणा चावून सांगतो, मी दाबून आणि रंगावरून सांगतो. परवाच्या तीन लॉटला दोघांचं एकच मत पडलं.

जूनमध्ये इथंच आकडा लिहीन.